पुष्याचा कोल्हा आणि तीनशे सत्त्याऐंशी

डिंभ्याच्या धरणाला वळसा घालून आहुप्याकडे जाणारी एसटी उंबरमाळला थांबते, ती माणसं उतरवायला कमी आणि ड्रायव्हरला तंबाखू मळायला जास्त. त्या थांब्यासमोर मारुतीच्या देवळाला लागून तारेचं एक चौकोनी कुंपण आहे. कुंपणात पूर्वी एक नरसाळं होतं, नरसाळ्याखाली बाटली, आणि त्या बाटलीची एकतीस पावसाळे राखण करणारा एक माणूस. नाव भगवंत. गावात भगवंत तिघे, म्हणून एक पाटलाचा, एक किराणावाला, आणि हा मिलिमीटर.

हे पद त्याला मिळालं तेही ऐकण्यासारखं आहे. १९८९ साली कुठल्याशा सरकारी खात्याची जीप गावात आली. खात्याचं नाव सांगून मला हेलपाटे घालायचे नाहीत. साहेबांनी पारावर विचारलं, "दशांश अपूर्णांक कुणाला येतात?" साहेबाच्या प्रश्नाला हो म्हटलं की काहीतरी गळ्यात पडतं, हा गावाचा जुना अनुभव, म्हणून सगळे जमिनीकडे बघत बसले. सातवी पास भगवंत तेवढ्यात बोलून गेला, "टिंबाचे ना? येत्यात की." झालं, टिंब येणारा माणूस म्हणून त्याची नेमणूक झाली. रोज सकाळी साडेआठला बाटली काढायची, पावसाचं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. एक वही खात्याला, एक आपल्या घरी.

पहिली दोन वर्षं भगवंतने हे काम देवपूजेसारखं केलं. पण पावसाळ्यात सकाळी साडेआठला उंबरमाळातला धडधाकट माणूस कुठे असतो? भाताच्या आवणीला, गुडघाभर चिखलात. तिथून हात धुऊन बाटलीपाशी येईपर्यंत दहा वाजायचे, मग अकरा, मग "उद्या दोन्ही दिवसांचं बघू". शिवाय पाहुणे, बाजार, तापसराई आणि पुढे गुडघा. वहीला मात्र रिकामी रांग चालत नसे. रिकाम्या रांगेवर खात्याचं पत्र यायचं, आणि पत्रावर सही शिक्क्यापेक्षा मोठी असायची.

तेव्हा भगवंतने पंचांग काढलं. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन असतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सूर्य आणि चंद्र यांच्या नक्षत्रांतलं अंतर मोजतात, नवाने भागतात, आणि बाकी उरेल त्या जनावरावर बसून पाऊस येतो. हत्ती, बेडूक, म्हैस आले की भरपूर. मोर, गाढव, उंदीर मध्यम. कोल्हा आणि मेंढा म्हणजे आभाळाकडे बघून जांभया द्यायच्या. घोडा असला की पाऊस डोंगरावर. भगवंतने दर ठरवून टाकले. बेडकाला बेचाळीस मिलिमीटर, हत्तीला पन्नास, मोराला सतरा, गाढवाला चौदा, कोल्ह्याला तीन. घोड्याचा प्रश्न अवघड होता, कारण गाव अर्धं डोंगरावर आणि अर्धं खाली. म्हणून घोड्याला हत्तीच्या निम्मा.

पण तेरा दिवस सलग बेचाळीस लिहिलं तर आंधळ्या साहेबालाही कळेल. त्यावर उपाय घरातच होता. भगवंत चुलीकडे तोंड करून बायकोला, साळुबाईला, विचारायचा, "एक ते धा मदला आकडा सांग." ती म्हणायची, "सात." सात मिळवायचे. दुसऱ्या दिवशी तीन वजा. भाकरी टम्म फुगली तर आकडा मोठा यायचा, करपली तर लहान. आणि साळुबाई रुसलेली असली तर उत्तरच यायचं नाही. मग त्या दिवशी उंबरमाळला पावसाने दडी मारलेली असायची. एका साली तिच्या भावाच्या लग्नात तिला हलकं लुगडं मिळालं आणि त्यात भगवंत म्हणाला, "बरं हाय की." पुढचा दीड महिना ती बोलली नाही. त्या वर्षी बाहेर भाताची खाचरं फुटून वाहत होती, पण वहीत दुष्काळ पडला.

इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते पासष्टने. एका दिवसात पासष्ट मिलिमीटर पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी, मग पंचनामा, मग मदत. चौसष्ट नोंदला गेला तर तुमचं शेत तुम्ही स्वतःच वाहून नेलं असं समजतात. एका पावसाळ्यात भात आडवं झालं आणि बाटलीत भरले एकसष्ट. संध्याकाळी सोपान घरी आला. तो तेव्हा सरपंच झालेला नव्हता, पण सरपंचासारखा बसायला शिकला होता. म्हणाला, "मिलिमीटर, चार मिलिमीटरनं सरकार काय बुडतंय का? गाव मातुर बुडंल." भगवंत मनाने मऊ. त्याने सहासष्ट लिहिलं. पासष्ट लिहिलं तर संशय येईल, एवढी अक्कल होती. पुढे हे वार्षिक व्रतच झालं. जुलैच्या शेवटी कधीतरी उंबरमाळला सहासष्ट पडायचाच, आणि त्या आठवड्यात भगवंतला पारावर चहा फुकट मिळायचा.

मग तो दिवस आला. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. पुष्य नक्षत्र, वाहन कोल्हा. सकाळी नऊला जे आभाळ फाटलं ते फाटलंच. मारुतीच्या देवळाचा कळस दिसेनासा झाला. भगवंत काहीतरी आठवल्यासारखा उठला आणि कुंपणाकडे गेला. बाटली भरून पाणी बाहेरच्या डब्यात सांडत होतं. त्याने मोजलं, ओतलं, पुन्हा लावलं. तासाभराने पुन्हा. साळुबाई मागून छत्री घेऊन धावली आणि त्याच्या डोक्यावर धरली, तर हा तिच्यावरच ओरडला, "बाजूला घे! नरसाळ्यावर सावली पडतीय छत्रीची!" ती म्हणाली, "मरा मंग भिजून," आणि छत्री मिटून स्वतःही तिथेच भिजत उभी राहिली. पहिल्या दोन वर्षांनंतर विसरलेली ती देवपूजा त्या दिवशी अंगात आली होती. अंधार पडेपर्यंत त्याने सात वेळा मोजलं, सकाळी साडेआठला आठव्यांदा. बेरीज तीनशे सत्त्याऐंशी. सगळ्या वह्यांत जर एखादा आकडा सोन्याचा असेल, तर तो हा.

त्याच दुपारी ओढ्याने कूस बदलली. भगवंतची धाकटी बहीण लंकाबाई त्याच गावात दिलेली, नवरा लवकर गेलेला. तिची दोन खाचरं ओढ्याच्या काठाला होती. वरून दरड आली आणि दोन्ही खाचरं धोंड्यांखाली गेली. बांध कुठे होता हेसुद्धा दिसेना. तिसऱ्या दिवशी रस्ता उघडल्यावर भगवंत खात्याची वही घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेला. कारकुनाने आकडा पाहिला आणि हसला. म्हणाला, "उंबरमाळला तर दरसाल सहासष्ट पडतो. या वर्षी एकदम तीनशे?" आणि तीनशे सत्त्याऐंशीच्या पोटात टिंब पडलं. झाले अडतीस पॉइंट सात. पासष्टच्या खाली. अतिवृष्टी नाही म्हणून पंचनामा नाही, पंचनामा नाही म्हणून लंकाबाईची खाचरं वाहून गेली नाहीत. सरकारी कागदावर ती आजही तिथेच आहेत आणि दरसाल पिकतात.

भगवंत ही गोष्ट इथवरच सांगायचा. सांगून झाली की कारकुनाला एक शिवी घालायचा.

लंकाबाईने वर्षभर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, मग आळेफाट्याला गेली. तिथे नाशिक रस्त्यावरच्या एका हॉटेलात ती भाकरी थापते. जाताना भावाला एवढंच म्हणाली, "दादा, माजं शेत धोंड्याखाली न्हाई, त्या टिंबाखाली गाडलंय." त्या दिवसानंतर भगवंतने सहासष्ट लिहिणं बंद केलं. गावाने चहा बंद केला. आणि आपल्या मरणाआधी कुणीतरी ते टिंब काढावं, ही एक इच्छा त्याच्या मनात घर करून बसली.

२०१९ साली खात्याने कुंपणात स्वयंचलित यंत्र बसवलं आणि भगवंतला मोकळं केलं. ते यंत्र आपोआप पाऊस मोजतं आणि आपोआप बंद पडतं. गेली तीन वर्षं त्यात साळुंकी नांदते. तिने पिलं काढली त्या जूनमध्ये उंबरमाळला एक थेंबही पडल्याची नोंद नाही.

यंदा मे महिन्यात एक गाडी थांब्याशी उभी राहिली. तीतून हर्षाली उतरली. मुलगी मूळची मंचरची, पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करणारी. तिला उंबरमाळच्या वह्या हव्या होत्या. खात्याकडच्या वह्या वाळवीने वाचून संपवल्या होत्या, पण भगवंतकडे स्वतःची प्रत होती. एकतीस वह्या, पत्र्याच्या पेटीत, वर्षवार, सुतळीने बांधलेल्या. पोरीचे डोळे भरून आले. म्हणाली, "काका, एकही दिवस सुटलेला नाही! अशी नोंद मी आख्ख्या घाटमाथ्यावर पाहिली नाही."

साळुबाईला खोकला आला.

पडवीत चहा पिताना हर्षालीने आपलं काम समजावून सांगितलं. "एखाद्या वर्षी पूर, एखाद्या वर्षी धूळ, हे खालीवर होणं मागच्या सहाशे वर्षांत किती होतं, ते आम्ही शोधतो. तेव्हा मोजायला कुणी नव्हतं. म्हणून संगणकात पृथ्वी मांडायची, समुद्र, वारे, ऊन, मधूनमधून फुटलेले ज्वालामुखी, आणि तिला सहाशे वर्षं चालवायची. याला मॉडेल म्हणतात. एकदा चालवून भागत नाही, तीस वेळा चालवतो. सुरुवातीला केसाएवढा फरक केला की दर खेपेला वेगळी वर्षं निघतात."

"आन् त्या तीसात खरं कंचं?" भगवंतने विचारलं.

"एकही नाही, काका. अमुक साली पूर आला असं मॉडेल सांगत नाही. पण पाऊस किती खालीवर होऊ शकतो, ते सांगतं. खरा पाऊस त्यांच्याच जातीचा असतो. तो तसा आहे का हे पडताळायलाच तुमच्यासारख्याची वही लागते."

भगवंतने बशी खाली ठेवली. "म्हंजी खरं न्हाई, पन खऱ्यावानी दिसतंय."

"अगदी बरोबर!"

"असं हिकडंबी करत्यात लोक," तो म्हणाला.

साळुबाईने विषय बदलला. "सहाशे वर्सांचा पाऊस पाडतीस बाई, पन तुज्या गाडीची काच उगडी ऱ्हाईली बग. वळीव येतोय."

हर्षाली गाडीकडे पळाली, तोवर सीट भिजली होती. परत आल्यावर भगवंतने तिला ते पान दाखवलं. घरच्या प्रतीत टिंब नव्हतं. "पोरी, तुज्या त्या सहाशे वर्सांत असला एखादा दीस हाय का, तेवडा बगशील?" तिने आकडा मोबाइलमध्ये टिपून घेतला आणि वह्यांचे फोटो काढून गेली. तो रात्रभर जागा राहणारा माणूस नव्हता, पण त्या दिवसापासून एसटीचा आवाज आला की कुंपणापर्यंत जाऊन यायचा.

महिन्याने ती आली ती उड्या मारतच. तिच्या लॅपटॉपवर दोन रेघा होत्या, एक मॉडेलची, एक भगवंतच्या वह्यांची. वर्षावर्षातला चढ-उतार मॉडेल जेवढा सांगत होतं, तेवढाच वह्यांत होता. तिचे सर, डॉक्टर सुदर्शन, तीन रात्री झोपले नव्हते म्हणे. एवढं जुळणारं ठिकाण त्यांना वीस वर्षांत सापडलं नव्हतं. शिवाय पावसाची तेरा-चौदा दिवसांची एक सुंदर लय वह्यांत दिसत होती. नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचंच असतं, हे सरांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि एका वर्षीच्या मोठ्या खंडाचा संबंध सरांनी थेट प्रशांत महासागराच्या तापमानाशी जोडला होता. भगवंतने साल विचारलं. लुगड्याचं साल. नवाने भागून उरलेल्या बाकीवर आणि साळुबाईच्या रुसव्यावर सहाशे वर्षांचं विज्ञान टेकून उभं होतं, आणि ते पडू नये म्हणून भगवंत गप्प बसला.

"आन् माजं तीनशे सत्त्याऐंशी?"

हर्षालीचा चेहरा उतरला. "काका, मॉडेलमध्ये असा दिवस येतो. फार क्वचित, पण येतो. म्हणजे तो येऊ शकतो. पण आला होता, हे मॉडेल सांगू शकत नाही. ते मोजणाऱ्यानेच सांगायचं असतं. सर म्हणाले, ही मानवी चूक आहे. खात्याच्या तक्त्यात अडतीस पॉइंट सात छापलंय, तेच धरू. बाकी सगळी नोंद इतकी स्वच्छ असताना हा एकच आकडा सगळ्याला छेद देतो."

थोडक्यात, खोटं सगळं स्वच्छ ठरलं आणि खरं तेवढं चूक ठरलं.

आता सोपान खरोखरच सरपंच होता. गावाचं नाव संशोधनात येणार म्हणताच त्याने सत्कार ठरवला. समाजमंदिर, शाल, श्रीफळ, जेवण, आणि फाट्यापासून गावापर्यंत फ्लेक्स. फ्लेक्सवर 'पर्जन्यपुरुष भगवंत' असं होतं, आणि भगवंतपेक्षा सोपानचा फोटो मोठा होता. तारीख पुष्य नक्षत्रातलीच निघाली. भगवंत तीन गाड्या बदलून आळेफाट्याला बहिणीला बोलवायला गेला.

लंकाबाई हॉटेलच्या मागच्या बाजूला चुलीपुढे होती. शेजारी आणखी दोघी बाया, समोर पिठाची परात. ट्रकवाल्यांची गर्दी होती, तिला मान वर करायला फुरसत नव्हती. भगवंतने सत्काराचं सांगितलं. भाकरी तव्यावर टाकत तिने विचारलं, "थितं तीनशे सत्त्याऐंशी वाचणार का?"

भगवंत पिठाच्या परातीकडे बघत राहिला.

"मंग मी कशाला यीऊ? त्या मुडद्या कारकुनाचं टिंब ऐकाया?" तिने भाकरी उलटली. "रोज भाकरी थापताना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करती मी, दादा. ह्या बायांस्नी इचार. पयली भाकरी देवाला, दुसरी त्याला."

बाया हसल्या. भगवंत घरी आला आणि दोन दिवस जेवला नाही. साळुबाईने सगळं ऐकून घेतलं आणि माळ्यावरून पंचांगांचं पोतं काढून त्याच्यापुढे टाकलं. "घिऊन जावा. पर शाल आधी घिऊ नका. शाल घेतल्यावं तुमचं तोंड उगडायचं न्हाई, मला ठावं हाय."

सत्काराच्या दिवशी समाजमंदिर भरलं होतं, कारण जेवण होतं. डॉक्टर सुदर्शन पांढरा सदरा घालून आले होते. ते अर्धा तास बोलले. प्रत्येक वाक्यात एक महासागर होता. शेवटी म्हणाले, "संगणक जे सहाशे वर्षं राबून सांगतो, ते भगवंतरावांनी एका बाटलीत पकडलं." टाळ्या झाल्या. सोपानने शाल उलगडली. भगवंतने ती हातानेच थांबवली आणि खुर्चीखालचं पोतं टेबलावर उपडं केलं. जुन्या पंचांगांचा ढीग पडला.

"साहेब," तो म्हणाला, "तुमची ती चौदा दिसांची लय म्या घातलीया. बेडूक असला की बेचाळीस. मोर सतरा. कोल्हा तीन. आन् त्यात जे खालीवर हाय ते आमच्या बायकूनं सांगितलेलं."

आधी लोक हसले. त्यांना वाटलं, मिलिमीटर रंगात आला. हर्षालीने एक पंचांग उचललं, नक्षत्राचं पान काढलं, लॅपटॉपवर ते साल उघडलं. दुसरं उचललं. तिसरं. तिचा चेहरा पांढरा पडला. "सर," ती हळूच म्हणाली, पण माइक चालू होता, "आपलं मॉडेल पंचांगाशी जुळतंय."

सुदर्शन सरांनी पाण्याचा ग्लास घेतला आणि न पिता ठेवून दिला. सोपान पुढे सरकला. "मिलिमीटर, खाली बस. ह्याला चक्कर आली वाटतं. पाणी द्या रे." त्याला पुढचा आकडा ठाऊक होता.

"चक्कर न्हाई आली, सरपंच. दरसालचं सहासष्ट म्या लिवलं, माज्या हातानं. गावाचा त्यात काय संबंद न्हाई." एवढं बोलून त्याने गावाला सोडवलं. मग ते एक पान काढलं. "पन ह्यो आकडा खरा हाय. तीनशे सत्त्याऐंशी. आट बारी मोजलाय, भिजून. बाकी एकतीस वर्सं चुलीत घाला, ह्यो एक दीस ठिवा."

सरांना आता कंठ फुटला. चिडलेल्या माणसाला फुटतो तसा. "अहो, जो माणूस स्वतः म्हणतो की मी वर्षानुवर्षं खोटं लिहिलं, त्याचा एक दिवस खरा कशावरून?"

भगवंतने त्या सालचं पंचांग उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. "पुष्य. वाहन कोल्हा. खोटंच लिवायचं असतं साहेब, तर म्या तीन लिवले असते. न्हाईतर गावासाठी सहासष्ट. तीनशे सत्त्याऐंशी कुनाच्या फायद्याचं व्हतं?"

सुदर्शन सरांनी लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली. सर ती गुंडाळत असताना हर्षालीने मात्र आपली वही उघडली आणि काहीतरी लिहिलं.

इथे थांबला असता तर भगवंतचा विजयच होता. अर्धं समाजमंदिर त्याच्या बाजूने झालं होतं. पण त्याची नजर दाराकडे गेली. येणार नाही म्हणालेली लंकाबाई दुपारच्या एसटीने आली होती, आणि त्याने आकडा वाचलेला तिने ऐकला होता. कोपरापर्यंत पीठ तसंच, पदर खोचलेला. ती त्याच्याकडे अशा कौतुकाने पाहत होती की त्याला ते सोसलं नाही.

"अजून एक ऱ्हायलंय," तो म्हणाला. आता तो माइकमध्ये बोलत नव्हता. "लंके, त्यो कारकून म्हनला व्हता, आकडा खरा असंल तर तपासणी लावतो, मागल्या सगळ्या वह्या घिऊन या. मला घाम फुटला. सगळी सहासष्टं उगडी पडली असती. मी म्हनलो, ऱ्हाऊ द्या. त्यानं नुसतं पेन पुडं केलं. पेन त्याचं, हात माजा. टिंब म्या घातलं."

जेवणाच्या पंगतीत पत्रावळी मांडणारी माणसंसुद्धा थांबली. साळुबाईलाही हे माहीत नव्हतं. ती नवऱ्याकडे बघतच राहिली. लंकाबाई वळली आणि बाहेर गेली.

कार्यक्रम मग ज्याच्या त्याच्या सोयीने संपला. सोपानने शाल घडी करून परत पिशवीत ठेवली, पुढच्या आठवड्यात दुसरा कुणी सत्काराला होताच. फ्लेक्स उतरवला आणि गोठ्यावर टाकला. सुदर्शन सर जेवले नाहीत. हर्षाली जेवली, आणि जाताना भगवंतच्या हातात एक कागद देऊन गेली. त्यावर नव्या तक्त्याची एकच रांग होती. ठिकाण उंबरमाळ, तारीख, तीनशे सत्त्याऐंशी. पुढे शेरा: 'निरीक्षकाच्या सांगण्यावरून बाकी सर्व नोंदी रद्द. ही ठेवली आहे.' एकतीस वर्षांच्या नोकरीत भगवंतच्या नावावर आता एक दिवस जमा होता, आणि तो खरा होता.

कागद खिशात घालून तो थांब्याकडे धावला. गुडघा दुखत होता. लंकाबाई कुंपणाशी उभी होती, साळुंकीकडे बघत. तो शेजारी जाऊन उभा राहिला. एसटी आली. दार उघडल्यावर पायरीवर पाय ठेवून म्हणाली, "चल. फाट्यावर चल माज्याबरूबर."

तीन गाड्या बदलून दोघं हॉटेलात पोचले तेव्हा संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. लंकाबाईने त्याला हाताला धरून मागे नेलं आणि चुलीपुढे उभं केलं. दोघी बाया भाकरी थापता थापता थांबल्या.

"बायांनो," ती म्हणाली, "ज्याला मी रोज शिव्या घालत व्हते, त्यो टिंबवाला. त्यो ह्यो बगा. माजा भाऊ हाय."

भगवंत मान खाली घालून उभा होता. लंकाबाईने चुलीशेजारी पाट सरकवला, हात धुतले आणि पिठाचा गोळा घेतला. पहिली भाकरी तिने देवाला काढून ठेवली. दुसरी तव्यावरून उतरवली आणि त्याच्या ताटात वाढली.